जाताच आहात तर

आमच्या काकी स्वतः कधी कुठे जात नसत. पण गावातलं कुणीही कुठेही निघालं, की काकींचं तिथे काहीतरी काम निघे. तुम्ही शहापुरातून किन्हवलीला सोयऱ्यांकडे निघालात, पायांत वहाणा अडकवल्यात, की ठेकेदारांच्या ओटीवरून हाक यायचीच. "मास्तर, जाताच आहात तर..." एवढं कानावर पडलं की तो प्रवास तुमचा राहत नसे. जाताच आहात तर वाटेवरच्या पाड्यात थांबा नि कोंबडी खुडूक आहे का ते विचारा. किन्हवलीपर्यंत जाताच आहात तर पुढे मुरबाड कितीसं राहिलं? तिथे माझ्या भावाला सांगा, आईचा खोकला बरा आहे का ते कळव. नि मुरबाडहून येताच आहात तर हात हलवत नका येऊ, आमच्या माहेरच्या आळूच्या दोन मुंड्या आणा. मुळात आपण कशासाठी निघालो होतो, हे घरी परतल्यावर कुणी विचारलं की आठवायचं. आमच्या आळीतला एक गृहस्थ म्हशाच्या जत्रेला बैल आणायला म्हणून गेला. तो चार दिवसांनी दोन घोंगड्या, एक रवी आणि काकींच्या भाचीसाठी एक स्थळ घेऊन परतला. बैल राहिला. स्थळ मात्र चांगलं निघालं.

मी तेव्हा शहापूरच्या शाळेत मास्तर होतो. वय सव्वीस, डोक्यावर केस आणि डोक्यात हवा, दोन्ही भरपूर. घर करून राहण्याइतकी ऐपत नव्हती, बायको माहेरीच असायची, म्हणून दुपारची भाकर काकींकडे. त्या बदल्यात ठेकेदारांची पत्रं लिहायची. ठेकेदार म्हणजे काकींचे यजमान. उंबरमाळीच्या बाजूला जंगलाचे ठेके घेत, लाकूड तोडत, कोळसा पाडत. त्यांना सगळे शेट म्हणत. मला सगळे पाठीमागे 'दवंडी' म्हणत. मला एखादी गोष्ट दुपारी सांगितली तर ती तिन्हीसांजेच्या आत आसनगावच्या ठेसनावर पोचलेली असे, अशी माझी ख्याती होती. ती खोटी होती. तिन्हीसांजेपर्यंत मी कधीच थांबलो नाही.

काकींचं माहेर मुरबाडचं. मुरबाड ते शहापूर एवढंच त्यांचं जग. एकदा डोळे दाखवायला कल्याणला गेल्या होत्या, तेही डोळ्यांत औषध घातल्याने काही दिसलं नाही. पण कल्याणला पूल किती, भिवंडीला माग किती, तानशाच्या धरणाची भिंत किती माणसं एका ओळीत चालतील इतकी रुंद, हे सगळं त्यांना पाठ. मी एकदा विचारलं, "काकी, तुम्ही कधी जात का नाही?"

"बाईमाणसाला आपलं असं जाणं नसतं, मास्तर," त्या तांदूळ पाखडता पाखडता म्हणाल्या. "कुणाच्या लग्नाला, कुणाच्या बाळंतपणाला, कुणाच्या मयताला. त्याला काय जाणं म्हणायचं? जाणं पुरुषाचं. आमी आपलं त्याला मागून शेपूट लावायचं."

दुसरी त्यांची सवय म्हणजे रिकामं भांडं परत न देण्याची. आमच्याकडे ही रीत घरोघरी आहे. शेजारणीने वाटीभर कालवण दिलं, तर ती वाटी धुऊन रिकामी परत करत नाहीत. चार मिरच्या, मूठभर पोहे, काही नसलं तर मिठाचे खडे टाकून देतात. पण काकींनी ही रीत फारच मनावर घेतली होती. मी शाळेचा रिकामा डबा त्यांच्या ओटीवर विसरलो, तर दुसऱ्या दिवशी त्यात वाल निघत. इन्स्पेक्टरसाहेब शाळा तपासायला आले आणि त्यांची हॅट ओटीवर राहिली, तर ती पाच अंडी घालून परत गेली. साहेबांनी ती न बघता डोक्यावर घातली, हा काकींचा दोष नाही. अंड्यांची गोष्ट साहेबांना हॅट देण्यापूर्वी सांगायचं काम माझ्याकडे होतं.

आता शेटांविषयी. शेट देखणे. मिशी अशी की तिच्यावर लिंबू ठेवावं, आवाज असा की कोळशाच्या भट्टीवरची माणसं दोन टेकड्या पलीकडून धावत यावीत. त्यांच्या ओटीवर भिंतीला एका मोठ्या बिबळ्या वाघाचं कातडं ठोकलेलं होतं. तो त्यांनी उंबरमाळीच्या रानात मारला होता, आणि आलेल्या प्रत्येकाला तो पुन्हा मारून दाखवत. मामलेदार आले की वाघ जरा सावकाश मरे, गिऱ्हाईक आलं की पटकन. मी तो शेकडो वेळा मेलेला पाहिला आहे.

एक दिवस मी त्या कातड्याकडे कौतुकाने बघत भाकर खात होतो. शेट घरी नव्हते. काकी म्हणाल्या, "काय बघता एवढं? वाघ मेला त्या दिवशीचं धोतर मी धुतलंय. वाघ कुणी मारला ते धोतराला इचारा."

मग त्यांनी सांगितलं. मचाणावर शेटांच्या शेजारी ठाकरवाडीचा बुधा बसला होता. हाकाऱ्यांनी रान उठवलं, वाघ नेमका समोर आला आणि उभा राहिला. शेटांचं धोतर भिजलं, बंदूक मात्र कोरडीच राहिली. बुधाने ती त्यांच्या हातांतून अलगद काढून घेतली, झोपलेल्या पोराच्या मुठीतलं खेळणं काढतात तशी, बार टाकला आणि पुन्हा त्यांच्या हातांत ठेवली. बुधाला एक नवं पागोटं मिळालं, शेटांना वाघ.

"कुणाजवळ बोलायचं नाय," काकी म्हणाल्या. ही एक गोष्ट मी पोटात ठेवली. आयुष्यात एवढी एकच. कारण त्या पोटात रोज काकींच्या हातची भाकर जात होती आणि ती बंद झाली असती.

महायुद्धाच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. भिवंडीकडचे एक हाजीशेट होते. त्यांचं मोंबाशाला कापडाचं दुकान. ते कामानिमित्त आले, शेटांच्या ओटीवर बसले, वाघ मरताना पाहिला आणि सहज म्हणाले, "वाघ झाला. आता सिंह राहिला. या कधी आमच्या आफ्रिकेत." ओटीवर तेव्हा दहा-बारा माणसं होती. शेटांचा हात मिशीवर होता. तो तसाच ठेवून ते म्हणाले, "राहिला कशाला? तोपण मारू!"

झालं. दुसऱ्या दिवशी तालुक्यात ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. (यात माझा वाटा होता, नाकारत नाही.) मामलेदारांनी कचेरीत बोलावून हात मिळवला. मुरबाडच्या बाजारात मेहुण्याने पेढे वाटले. हाजीशेट माणूस शब्दाचे पक्के. त्यांनी मोंबाशाला पोचल्याबरोबर तिथल्या एका शिकारी कंपनीचा पत्ता पाठवला. आता मागे फिरणं म्हणजे मिशी उतरवणं.

पत्रव्यवहार माझ्याकडे आला. मी मॅट्रिकला इंग्रजीच्या पेपराला दोनदा बसलो होतो. म्हणजे एकदाच बसून पास होणाऱ्यापेक्षा माझा अभ्यास दुप्पट. शिवाय मी भूगोल शिकवत होतो. कंपनीचं उत्तर आलं. मी ओटीवर मोठ्याने वाचून दाखवलं: एकवीस दिवस तंबूत मुक्काम, एकवीस दिवस शिकार, सिंह, रेडा, गेंडा, सगळं पायी माग काढून. शेट म्हणाले, "वा!" आणि त्या दिवशी अर्धीच भाकर खाऊन उठले.

काकींनी ती उरलेली अर्धी भाकर पाहिली. दुसऱ्या दिवशी मी पानावर बसलो तर म्हणाल्या, "मास्तर, हे एवढे लांब जाताच आहेत तर... तो लवंगेचा मुलूख तिकडंच ना कुठं?"

"झांजीबार. बेट आहे. मोंबाशाच्या खालच्या अंगाला."

"जल्मभर लवंग फोडणीला घातली. झाडाला कशी लागते, शेंगेत का फुलात, काय ठाऊक नाय. लिहा की. शिकारीच्या आधी दोन दिस."

मी शेटांना विचारलं. मला वाटलं, ओरडतील. शेट म्हणाले, "हं. लवंग. बरोबर आहे. धंद्याच्या दृष्टीनं बघायला हवी." कोळशाच्या धंद्याला लवंग कुठे लागते हे मी विचारलं नाही.

परतीची मुदत ठरलेली होती. कितीही मोठा माणूस असो, आमच्याकडे शिमग्याला तो घरात हवा. होळी पेटताना शेट दारात नसले तर गाव काय काय बोंबा मारील याची त्यांना कल्पना होती. म्हणजे भात झोडून झालं की निघायचं आणि शिमग्याच्या आत परत. दिवस वाढवता येत नव्हते. एका बाजूला घातले की दुसरीकडून काढायचे. झांजीबार आलं, शिकारीचे एकोणीस राहिले.

मग मला भलताच उत्साह आला. दुपारी मी भूगोलाचं पुस्तक घेऊन जायचो, काकी पाखडत पाखडत ऐकायच्या. त्या उन्हाळी मुलखात एक डोंगर आहे, त्याच्या माथ्यावर बारमास बर्फ असतं, असं मी सांगितलं. "उन्हात बर्फ? नि वितळत नाय? लिहा. शिकारीच्या नंतर." एक तलाव आहे, त्याचा पलीकडचा काठ दिसत नाही. "त्यात तानसे किती बसतील?" मी पाटीवर हिशेब मांडून बघितला, पाटी संपली. "लिहा." त्या तलावातून नाईल नदी उडी घेऊन निघते. "नदीचं घर ना ते? लिहा." पृथ्वीच्या पोटावरून जी रेघ जाते ती तिथून जाते, एक पाय अलीकडे नि एक पलीकडे ठेवून उभं राहता येतं, असंही मी ठोकून दिलं. मी ती रेघ नकाशात पाहिली होती, चांगली ठळक होती.

"लिहा," काकी म्हणाल्या.

बोट जायची, बोट यायची. प्रत्येक पत्रागणिक शिकारीला आधी आणि मागे एकेक फाटा फुटत गेला. एकोणिसाचे चौदा झाले, चौदाचे नऊ, नवाचे चार. मला शेटांची कीव यायला लागली. बायकोपुढे या वाघाचं काही चालत नाही, असं मी मनात म्हणे. शेट मात्र दिवसेंदिवस टवटवीत होत होते, हे मला दिसत होतं पण कळत नव्हतं. चाराचा एक झाला त्या दिवशी ते दोन भाकरी जेवले, आणि काकींनी तिसरी वाढली. शेवटच्या पत्रात शिकारीसाठी एक सकाळ उरली. न्याहारीच्या आधी.

कंपनीने मग एक छापील कागद पाठवला. त्यात दोन रकाने होते: शिकार करणारे किती आणि नुसते बघणारे किती. पहिल्यात मी 'एक' लिहिलं. दुसऱ्यात शून्य लिहिणार, तोच काकींनी वरून वाकून पाहिलं.

"ते दुसरं रिकामं का?"

"तिथे कुणी नाही ना."

"रिकामं काय पाठवायचं नाय, मास्तर. इतक्या लांबून त्या माणसांनी पाठवलंय. एक लिहा."

"पण कोण?"

"ते मागनं बघू."

मी 'एक' लिहिलं आणि घरी जाताना वाटेतच मला साक्षात्कार झाला. तो एक म्हणजे मी! दुसरा कोण असणार? इंग्रजी येणारा, भूगोल जाणणारा, पहिल्यापासून सगळं जमवून आणणारा. काकींनी मोठ्या मनाने माझी सोय केली होती. पोटभर जेवणाऱ्याला अशी माणसं भेटतात. त्या दिवशी मी चार ठिकाणी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सांगायला कुणी उरलं नव्हतं.

मी कल्याणहून साहेबी टोपी आणली, सोलाची, कानांवर येणारी. शाळेत हेडमास्तरांनी माझा सत्कार ठेवला. शाल, नारळ, पोरांचं पद. हेडमास्तर म्हणाले, आपल्या शाळेचा एक मास्तर आज सिंहाच्या गुहेत चालला आहे. मी उत्तरादाखल पाऊण तास बोललो. सिंह दिसल्यावर माणसाने काय करावं, हेही सांगितलं. बायकोला पत्र घातलं. ती माहेरहून रडत आली.

पासपोर्टासाठी फोटो हवे होते. ज्या दिवशी कल्याणचा फोटोवाला यायचा होता, त्याच्या आदल्या दिवशी मी टोपी मांडीवर घेऊन शेटांच्या ओटीवर बसलो होतो. आत बोलणं चाललं होतं.

"अगो, सिंहाच्या शिकारीला बाईमाणूस?" हा शेटांचा आवाज, पण दोन टेकड्या पलीकडे जाणारा नव्हे. "लोक शेण घालतील तोंडात."

"बरं. मंग मास्तरला न्या."

मी टोपीवरची धूळ झटकली.

"मास्तरला न्या," काकी सावकाश म्हणत होत्या. "मास्तर तिथं पुढं बसेल. सगळं बघेल. काय झालं, कसं झालं, बंदूक कुणी उचलली, कुणी नाय. मंग आसनगावला गाडीतून उतरला की सांगेल."

 भिंतीवरचा बिबळ्या माझ्याकडे बघत होता.

"मी काय सांगणार?" काकी म्हणाल्या. "मी चुलीपुढं बसणार."

शेट बाहेर आले. माझ्याकडे, मग टोपीकडे पाहिलं. "फोटोवाल्याला सांगा," ते म्हणाले, "दोन खुर्च्या लागतील. मी आणि ही."

अशा रीतीने माझी आफ्रिका माझ्याच जिभेने गिळली. नारळ फोडून खाल्ला होता, तो परत करता आला नाही. शाल परत केली. हेडमास्तर म्हणाले, राहू दे, थंडी आहे. सोलाची टोपी काकींनी मागून घेतली नि दुसऱ्या दिवशी भरून परत दिली, हरभऱ्यांनी. वर म्हणाल्या, "मास्तर, तुमचं तिकीट मी खाल्लं. रागावू नका. तुमी पुरुषमाणूस, तुमचं जाणं कधी ना कधी होईल." ते आजतागायत झालेलं नाही.

निघायच्या दिवशी आसनगावला सगळा गाव लोटला होता. शेटांच्या गळ्यात हार, खांद्यावर बंदूक. काकी नऊवारी लुगड्यात, पायांत आयुष्यातल्या पहिल्या वहाणा, हातात गाठोडं. इतक्या माणसांत एकालाही त्यांना "जाताच आहात तर" म्हणायचं सुचलं नाही. त्या खिडकीशी बसल्या, आणि गाडी हलली तेव्हा त्यांनी गावाकडे पाहिलं नाही. समोर पाहत होत्या.

शिमग्याच्या चार दिवस आधी ते परत आले. ओटीवर पाय ठेवायला जागा नव्हती. कातडं आणलं नव्हतं, हे सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. पण विचारणार कोण? काकींनी उंबऱ्यात बसून बोलायला सुरुवात केली. लवंग म्हणजे कळी असते, उमलायच्या आत खुडतात नि चटयांवर वाळत घालतात, सगळं बेट घमघमतं. बर्फाचा डोंगर सकाळी दिसतो आणि दुपारी ढगात जातो, "आपल्या माहुलीसारखाच, लाजतो." तलाव पाहिला, पण ते पाणी गोडं आहे यावर त्यांचा विश्वास बसेना, म्हणून ओंजळभर प्यायल्या. "नि मास्तर," त्या गर्दीतून माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ती रेघ नाय तिथं. मी शोधली."

सगळे हसले. मीही हसलो, माझ्याजवळ दुसरा उपाय नव्हता. तेवढ्यात मागून कुणीतरी धीर करून विचारलं, "नि सिंह?"

 शेट मिशीकडे हात नेत होते, तो मधेच थांबला. त्यांनी काकींकडे पाहिलं. मी त्यांना तसं बघताना कधी पाहिलं नव्हतं. उधार मागायला आलेला माणूस त्यांच्याकडे बघायचा, तसं.

"होता ना," काकी म्हणाल्या. "झाडाखाली बसलेला. हा एवढा. ह्यांनी बंदूक धरली. मीच हात धरला. बाजूला त्याची बायको बसलेली, म्हटलं, नको."

ओटीवरून एक मोठा निःश्वास उठला. पाटील म्हणाले, "तरी मी म्हणत होतो, बाईमाणूस नेऊ नये." सगळ्यांनी माना डोलावल्या. शेटांचा हात मिशीपर्यंत पोचला.

पुढली सात-आठ वर्षं शेट हीच शिकार सांगत होते, म्हणजे न झालेली. पहिल्या वर्षी सिंह चाळीस पावलांवर होता. युद्ध सुरू झालं तेव्हा वीस पावलांवर आला. रेशनकार्डं निघाली तोवर त्याचा श्वास शेटांच्या मिशीला लागायला लागला होता. काकींची पकडही वाढत गेली: आधी एका हाताने धरलेलं मनगट मग दोन हातांनी, मग त्या मनगटाला लोंबकळल्याच होत्या. आणखी दोन वर्षं मिळती तर त्यांनी शेटांना पाठुंगळी मारून मोंबाशापर्यंत आणलं असतं. "हिच्यापायी!" शेट शेवटी म्हणत. "नायतर भिंतीवर आज दोन कातडी असती." आणि काकी त्याच वेळी चहाचे कप घेऊन बाहेर येत. सगळे त्यांच्याकडे बघून हसत. त्या कप मोजत.

मला राहवलं नाही. एकदा दुपारी मी विचारलं, "काकी, खरंच हात धरलात?"

"धरला ना. खोटं कशाला सांगू?"

"मग हे रोज चारचौघांत..."

"मास्तर, भाकर निवतेय."

दुपारी बायका त्यांच्याकडे येत. तांदूळ निवडायला म्हणून येत, पण निवडत कुणी नसे. त्या दिवसांत शहापुरातल्या निम्म्या घरांत खड्यांचा भात शिजला. काकी नाईल कशी उडी घेते ते पदर उडवून दाखवत, बोटीवर पहिल्याच संध्याकाळी किनारा दिसेनासा होतो तेव्हा पोटात कसं होतं ते सांगत. त्यांच्या गोष्टीत सिंह कधी नसे. एका पोरसवदा सुनेने विचारलं तर म्हणाल्या, "ते पुरुषांना सांगायचं, गो. तू हे ऐक."

युद्ध संपायच्या वर्षी काकी गेल्या. चार दिवसांचा ताप. मी भेटायला गेलो तर कपाळावर हात ठेवायच्या आधी त्यांनी विचारलं, "जेवलात?" तेच शेवटचं बोलणं. त्या मानाने माझं उत्तर फार लांब होतं. निम्म्यात त्यांचा डोळा लागला.

तेराव्याला सगळी आळी पानावर होती. साखर रेशनवर, म्हणून लाडू गुळाचे. गुळाचे म्हणून दगडासारखे. शेट स्वतः वाढत फिरत होते. मिशी खाली आली होती. पाटलांना वाटलं, माणसाला जरा बरं वाटेल असं काही बोलावं. ते म्हणाले, "शेट, बाई लाख मोलाची. एक तेवढा सिंह घालवला तुमचा, पण ते सोडा."

लोक हलकेच हसले. शेट लाडवांचं ताट घेऊन मधोमध उभे राहिले.

"नाय," ते म्हणाले. "तिनं हात धरला, तो मी मारू नये म्हणून नाय. बंदूक मी उचललीच नव्हती. मी थरथरत होतो. कंपनीच्या मोटारीत बसलेलो, तिचं दार खडखड वाजायला लागलं, ते त्या कंपनीच्या लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून तिनं माझा हात धरला. पदराखाली. सिंह निघून जाईपर्यंत धरून बसली होती."

 पाटलांनी शेजारच्याला कोपराने ढोसलं आणि हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू, म्हटलं, "दुःख फार झालंय. माणूस काहीबाही बोलतो अशात." "असंच होतं," दुसरा म्हणाला. "वाघ मारलेला माणूस, थरथरेल?" तिसऱ्याने भिंतीवरच्या कातड्याकडे बोट केलं.

शेटांनी पंगतीवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली. "मास्तर," ते म्हणाले, "तुमाला तिनं सगळं सांगितलं आसंल. तुमी सांगा यांना."

मला ठाऊक होतं. सिंहाचं नाही, पण वाघाचं ठाऊक होतं, धोतराचं, बुधाचं. आयुष्यभर नको तिथे बोललो, आणि आता एका माणसाला खरं बोलताना एक साक्षीदार हवा होता. सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या तोंडात अख्खा लाडू होता. मी तो चावत होतो, चावत होतो. आणि खरं सांगायचं तर तो इतकाही कडक नव्हता. तो गिळून होईपर्यंत पाटलांनी रॉकेलच्या कार्डाचा विषय काढला होता आणि पंगत तिकडे वळली होती.

शेट माझ्या पानाशी आले.  त्यांनी माझ्या पानात आणखी एक लाडू वाढला आणि पुढे गेले.